ग्रॅमसरांचा फळा

उत्तर मोलवर थांबलं, की रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ग्रॅमसरांना ते ऐकूच येत नसे. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात इंटर सायन्सला आम्ही तिघी मुली होतो, पहिल्या बाकावर. "अर्धा मोल, सर," असं मी ऐटीत सांगावं आणि सरांनी खिडकीबाहेर बघत राहावं. मग म्हणत, "तराजूले मोल समजत नाही वं पोरी. दुकानात जाऊन मोलभर मीठ माग, हाकलून देईन तो तुले. साडेअठ्ठावन्न ग्रॅम माग, मंग देईन." मोलला रेणुभारानं गुणून ग्रॅम सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. नाव पडलं ते त्यावरूनच.

बाजारात तेव्हा शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम नुकते आले होते. गल्लीतल्या बाया सरांना रस्त्यात अडवून हिशेब विचारत. सर पिशवी खाली ठेवून उभ्याउभ्या समजावत. "हा त माया धंदाच आहे, बाई," म्हणत.

प्रयोगशाळेत तराजूची सुई ते मला वाचायला लावत. शिकवायची पद्धत असेल, असं मला वाटे. एकदा कॉस्टिक सोडा तोलायचा होता. सरांनी बाटली डोळ्यांशी नेली, फिरवली आणि मलाच विचारलं, "काय लिहून आहे यावर?" अक्षरं चांगली ठसठशीत होती. मी नाव वाचून दाखवलं.

"अमरावतीच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला," सर म्हणाले. "गेलेली नजर वापस येत नाही. तुमची परीक्षा होऊ द्या, मंग मी जातो. तेवढं साल मले काढू द्या."

कोणी न सांगता वर्ग कामाला लागला. मागच्या बाकांवरची दंगेखोर पोरं हात वर करायचं सोडून आधी आपलं नाव सांगून बोलू लागली. तासाआधी कोणीतरी फळा पुसून ठेवी. आकडे तर सरांना पाठच होते.

फेब्रुवारीत एक दिवस फळा पुसायचा राहिला. सरांनी गणित घातलं आणि आधीच्या तासाच्या ओळींवरच लिहीत गेले. आकड्यांवर आकडे. मग वळून विचारलं, "मागं दिसते का रे?"

"दिसते, सर," सगळा वर्ग म्हणाला.

दारात प्रिन्सिपॉल उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण फळा त्यांनाही दिसत होता. ते दोन पावलं आत आले. सरांनी पावलांवरून त्यांना ओळखलं.

"साहेब, एवढं गणित होऊ द्या."

प्रिन्सिपॉल थांबले. सर आमच्याकडे वळले. "पाव मोल चुनखडी. किती ग्रॅम?"

उत्तर साऱ्या वर्गाला येत होतं. सरांनी वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच सांगितलं, "पंचवीस."

तो सरांचा शेवटचा तास ठरला. परीक्षा तोंडावर असताना ते अमरावतीला भावाकडे निघाले. रडायचं नाही असं ठरवून आम्ही तिघी एसटी स्टँडवर गेलो. कंडक्टरनं त्यांना खिडकीशी बसवलं. आम्हीही आत चढलो आणि मी वाटेत खायला आणलेला डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "जा आता, अभ्यास करा," सर म्हणाले. आम्ही खाली उतरून उभ्या राहिलो.

गाडी सुरू झाली, तसे ते खिडकीबाहेर हात हलवू लागले. आम्ही गाडीच्या दुसऱ्या बाजूला होतो. ते हात करत होते तिकडे नुसती भिंत होती.

हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. गाडीला मागून वळसा घालून धावत गेलो आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिलो.