नववं प्रकरण काढणार नाही

मी कादंबरी लिहिणार असं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. हसले ते आराखड्याला. मी जबलपूरच्या एका हिंदी शाळेत भूगोल शिकवते, आणि नकाशा काढल्याशिवाय मला कुठलंच गाव समजत नाही. म्हणून बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानातून ताग्याला गुंडाळलेला खाकी कागद मागून आणला आणि बैठकीच्या भिंतीवर चिकटवला. त्यावर पेन्सिलीने प्रकरणं मांडली. कोण कधी येतं, कोणाला काय माहीत असतं, भांडण कुठे पेटतं. शेवट सगळ्यात आधी लिहिला.

इथल्या मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठ लेखकांनी मला समजावलं की कादंबरी आतून उमलते, आखून होते ती इमारत. मी म्हटलं, इमारतीत निदान माणसं राहतात. उमलण्याची वाट पाहायला मला वेळच नव्हता. शाळा, स्वयंपाक, मुलांच्या वह्या तपासणं यातून उरलेल्या अर्ध्या तासात कुठे जायचंय ते ठाऊक असेल तरच चार ओळी हाती लागणार होत्या.

माझी नायिका म्हणजे भावांनी हक्कसोडीच्या कागदावर सही मागितल्यावर नकार देणारी बहीण. नवव्या प्रकरणात ती वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा घेते आणि एकटी शेतावर राहायला जाते. आमच्या आत्याने हेच केलं होतं. शहपुऱ्याजवळ ती अजून मटाराची शेती करते. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं.

एका रविवारी काका जेवायला आले. काका म्हणजे आत्याचे आणि माझ्या दिवंगत वडिलांचे थोरले भाऊ. कमानिया गेटजवळ राहतात. पानं मांडली जात होती तोवर ते हात मागे बांधून भिंत वाचत होते. नवव्या प्रकरणाशी थांबले.

"हे काढून टाक," ते म्हणाले. "घरची गोष्ट तू बाजारात मांडून राहिली."

मी म्हटलं, नावं नाहीत, गोष्ट माझी आहे. त्यावर त्यांनी तोडगा काढला. ठेवायचंच असेल तर शेवटी ती परत येते, थोरल्या भावाच्या पाया पडते, असं कर. मी मान हलवली नाही, तेव्हा त्यांनी तिथलीच पेन्सिल उचलली आणि नवव्या प्रकरणावर आडवी रेघ मारली.

मी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली आणि त्या रेघेवरच तेच शब्द पुन्हा, जाड अक्षरात लिहिले. म्हटलं, "काका, ज्याला ही बाई नको असेल त्याने आपली कादंबरी लिहावी. ही भिंत माझी आहे."

काका न जेवता गेले. नवरा म्हणाला, निदान कादंबरीतलं गाव तरी बदल. पण गाव बदललं की माती बदलते, पीक बदलतं, बाईचा दिवस बदलतो. मी नाही म्हटलं. तरी काकांचं बोलणं कुठेतरी टोचत होतंच. पुढच्या सुट्टीला मी शहपुऱ्याची बस धरली.

कित्येक वर्षांनी आत्या समोर होती. तिने चहा केला, आणि मी आराखडा तोंडी सांगायला लागले. ती मान खाली घालून ऐकत होती. घर सोडल्यावर पहिल्या रात्री नायिका रडते, असं मी म्हटलं आणि तिने मला थांबवलं.

"रडली काहून? मी नव्हती रडली. वरण-भात केला अन् पोटभर जेवली."

मग तिने विचारलं, विचारायला आली का सांगायला? मी म्हटलं, सांगायला. ती हसली. तिला ते आवडलं असावं.

पण तेरावं प्रकरण अजून सांगायचं बाकी होतं. त्यात धाकटा भाऊ मरतो आणि नायिका अंत्ययात्रेला येत नाही. माझे वडील गेले तेव्हा आत्या आली नव्हती. मी ते थांबून थांबून सांगितलं. आत्याने कप खाली ठेवला.

"हे काढशील का?"

मला वाईट वाटलं, तरी मी म्हटलं, "नाही. काकांसाठी काढलं नाही, तुझ्यासाठीही नाही."

"मग बरोबर लिही. मी जबलपूरच्या स्टँडपर्यंत आली होती. बाकावर बसून राहिली, अन् परत गेली. मोठा भाऊ दारातून परत लावेल, अन् तुझ्या आईला ते पाहावं लागेल, असं वाटलं."

तिने शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि बसपर्यंत सोडायला आली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी लिहायला बसले, आणि क्रम मोडून तेरावं प्रकरणच आधी लिहिलं. माझी नायिका आता स्टँडवर येते, बाकावर बसते आणि परत जाते. पण स्टँडवरून परत गेल्याबद्दल मी आत्याला माफ केलेलं नाही. लिहिताना मला तिचा राग येत होता, तो राग मी वाक्यांत राहू दिला.

काका अजून आमच्याकडे येत नाहीत. लग्नकार्यात भेटले की उन्हाबद्दल बोलतात. मध्ये त्यांनी फोनवर नवऱ्याला विचारलं, ते नववं प्रकरण अजून आहे का. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा त्यांना, लिहूनही झालं.