डाव्या हाताचा संयम

तालमीत निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो. कधी तार तुटते, कधी लाईट जाते, कुणीतरी घाटात अडकतं. मग चहा आणि किस्से! आमच्याकडे ते इतके साचलेत, की आता तालीम नसली तरी आम्ही तेच काढून बसतो.

तालीम चालायची पुण्याबाहेर, घाटापलीकडच्या भरे गावात, बबनरावांकडून भाड्यानं घेतलेल्या खोलीत. माधवदा पियानोवर, रॉनी सॅक्सोफोनवर, मी तबल्यावर. रचना सगळ्या माधवदाच्या. मारवा रागाखाली तो जॅझचे कॉर्ड घालायचा.

पहिला अल्बम आला तेव्हा शास्त्रीयवाल्यांनी लिहिलं, 'जॅझची उत्तम जाण.' जॅझवाल्यांनी लिहिलं, 'रागदारीची उत्तम जाण.' आम्ही पेढे आणले. माधवदा म्हणाला, "दोघांनीही कौतुक करून मला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलंय!"

*

एका दुपारी नवी रचना बसवत होतो. ऐन रंगात माधवदाचा डावा हात पट्ट्यांवरून खाली घसरला. उजवा चालूच. सूर एकदम असे काही उघडे पडले, की रॉनी ओरडला, "क्या बात है!" मीही मान डोलावली.

खिडकीबाहेर बबनराव गवताचा भारा घेऊन उभे होते. ते किंचाळले, "आरं, वा वा काय करताय? मानूस पडतुया त्यो!"

गाडीही त्यांनीच काढली. घाटात सगळं तुंबलेलं. मागच्या सीटवर माधवदाचं डोकं रॉनीच्या मांडीवर. त्यानंतर रॉनीनं कुणालाही दाद दिलेली मी ऐकलेली नाही.

*

अर्धांगाचा झटका होता. हळूहळू पाय चालू लागला. हात मात्र गेला तो गेलाच. तरी माधवदानं पुण्यात कार्यक्रम घेतला. आम्हाला बजावलं, "आजारपण कुणाला सांगायचं नाही. दयेच्या टाळ्या नकोत मला!" विंगेत माधवदाच्या पत्नीनं, सुनीतावहिनींनी, त्याचा डावा हात उचलून कोटाच्या खिशात घालून दिला.

पुण्यातले मोठे समीक्षक कारखानीस सर पहिल्या रांगेत होते. रविवारी त्यांचा लेख आला. 'डाव्या हाताचा हा संयम म्हणजे केवढं धाडस! जॅझ आणि रागदारी यांच्यामधली भिंत या संगीतकारानं न वाजवून पाडली आहे.'

मी मोठ्यानं वाचून दाखवला. माधवदा हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनी उठून आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या.

*

लेखाचा परिणाम असा, की लवळ्याच्या एका कॉलेजनं माधवदाला बोलावलं. एक मुलगी त्याच्यासमोर त्याचीच रचना वाजवायला बसली. डावा हात जीन्सच्या खिशात!

माधवदानं तिला थांबवलं. "तुझा हात बरा आहे ना?"

"हो सर."

"मग काढ की बाहेर!"

*

दुसऱ्या झटक्यानं वाचा गेली. बातमी कळल्यावर कारखानीस सर पहिल्यांदाच घरी आले, हार घेऊन. माधवदा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. डावा हात उशीवर ठेवलेला. सरांची नजर त्या हातावरून हलेना.

"हे... कधीपासून?"

"तुमचा लेख यायच्या आधीपासून," वहिनी म्हणाल्या.

सर उभेच राहिले. हार कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी रॉनीनं तो त्यांच्या हातातून घेतला.

माधवदानं उजव्या हातानं पियानोकडे खूण केली. आम्ही खुर्ची तिथं नेली. त्यानं सरांना डावीकडच्या स्टुलावर बसवून घेतलं आणि त्यांची बोटं एकेक करून खालच्या पट्ट्यांवर ठेवली. मान हलवली, की दाबायचं. मग तो उजव्या हातानं वाजवायला लागला.

सर दाबत होते. पण दर वेळी उशिरा. कपाळावर घाम आला होता.

"मला येत नाही हो हे!" ते म्हणाले.

माधवदानं त्यांची निसटलेली करंगळी पुन्हा पट्टीवर ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.