दॉ प्वा शिनने दोरी बांधली तेव्हा

दॉ प्वा शिनला गप्प बसवेल असा माणूस रंगूनमध्ये अजून जन्मायचा होता. मुलींच्या वसतिगृहाची ती स्वयंपाकीण. बॉम्ब पडले, नवरा गेला, जपानी आले, इंग्रज परत आले. ही मात्र मागच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून. "मुली येणार परत. त्यांना भात कोण घालणार, तुमचा सेनापती?" असं येईल त्याला सुनवायची. आम्ही तिला दॉजी म्हणायचो, म्हणजे मोठी मावशी.

लढाई संपली आणि युनिव्हर्सिटी उघडणार असं जाहीर झालं. आम्ही गावोगावच्या दहाबारा जणी बोचकी घेऊन आधीच येऊन थडकलो आणि काळवंडलेल्या फरश्या घासायला लागलो. माझे बाबा हेन्झाडा गावचे तांदळाचे व्यापारी. त्यांनी निघताना बजावलं होतं, "वसतिगृह मिळालं तरच शिक्षण. नाहीतर गिरणीवाल्याचा मुलगा बघून ठेवलाय." गिरणीवाल्याचा मुलगा! दात पानाने लाल आणि बोलणं सगळं भाताच्या कोंड्याचं.

आणि नेमकं तेव्हाच इंग्रज लष्कराच्या कप्तानाने कळवलं, वसतिगृहाची इमारत सोडत नाही, आणखी वर्षभर कोठार म्हणून ठेवणार. प्राचार्यांनी विनवण्या केल्या, पण विचारतो कोण! सकाळी खोक्यांचे ट्रक येणार होते. आम्ही घासायचं टाकून रडायलाच लागलो.

"रडताय काय, कार्ट्यांनो?" दॉजी कडाडली. "तुमच्या थमेन आणा. धुतलेल्या नकोत, नेसलेल्या हव्यात."

थमेन म्हणजे आम्हा बायकांचं कमरेचं नेसू. त्याच्याखालून गेला की पुरुषाची पुण्याई संपली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दॉजीने फाटकावर आणि जिन्यावर दोऱ्या ताणल्या आणि आमची नेसती वस्त्रं ओळीने लटकवली. मधोमध तिचं स्वतःचं, तंबूएवढं.

ट्रक आले. मजुरांचा मुकादम को फो तोक खोकं खांद्यावर घेऊन फाटकाशी पोचला, वर बघितलं आणि जागीच थबकला.

"दॉजी, हे काय गं?"

"वाळत घातलंय. ये ना आत."

"काढ की ते!"

"तूच काढ. लाव बघू हात."

मजूर भराभर मागे सरकले. कप्तान ओरडून ओरडून लालबुंद झाला. शेवटी स्वतःच खोकं उचलून तरातरा दोरीखालून गेला. बाहेर एकच हळहळ! तो परत येऊन हुकूम सोडायला लागला, तर को फो तोक मान हलवत म्हणाला, "साहेबाची पुण्याई गेली रे. आता याच्या हाताखाली राबलो तर आपलं काही खरं नाही."

झालं! ट्रक भरलेले आले तसे भरलेले गेले. बाजारभर बोभाटा झाला, कप्तानाला दुसरी टोळी मिळेना. अखेर खोकी नदीकाठच्या एका रिकाम्या गोदामात गेली आणि किल्ल्या प्राचार्यांच्या हातात आल्या. आम्ही नाचलो हो, अक्षरशः नाचलो! पण दॉजी म्हणाली, "वर्ग भरेपर्यंत दोरी हलणार नाही."

चार दिवसांनी बाबा फाटकाशी येऊन उभे.

"वसतिगृहाचं ऐकलं," ते फाटकाबाहेरून म्हणाले. "पण मी गिरणीवाल्याला शब्द देऊन बसलोय. चल, बोचकं आण."

"मुलगी आत आहे," दॉजी गोड आवाजात म्हणाली. "या की, हाताला धरून घेऊन जा."

बाबांनी वर पाहिलं. "साविन, बाहेर ये."

जन्मात मी त्यांना उलटून बोलले नव्हते. तरी म्हणाले, "बाबा, तुम्हीच या ना आत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही.

"यात तुझंही आहे?"

"ते निळं."

"बापाच्या डोक्यावर!" ते गरजले, आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. हातातली सुक्या मासळीची टोपली त्यांनी फाटकाशी ठेवली. "गिरणीवाल्याचं मी बघतो. पण नापास झालीस तर याद राख!"

नाही झाले नापास.