मास्तरांचं सहावं व्याख्यान

"मास्तर ग्येलं, राव," सखारामनं चिंचवडच्या बाजारात सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "शेवटी काही बोलले का?" माणूस गेल्यावर असं कुणी विचारतं? पण मी जात्याच संशयी, आणि केशव मास्तरांबद्दलचा माझा संशय तर चांगला मुरलेला.

मास्तर आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या भिंतीवर देवांच्या रांगेत एका दाढीवाल्या अमेरिकनाची तसबीर होती. एकोणिसाव्या शतकातला पुढारी. शेतकऱ्याचा मुलगा, वकिली करून निवडून आला, मंत्री झाला, मग निवडणुकीत आपटला आणि राजदूत होऊन परमुलखात गेला. एका गणेशोत्सवात मास्तरांनी त्याच्यावर सहा व्याख्यानं लावली. निवडणुकीच्या गमतींना गाव पोट धरून हसलं. पाचव्या दिवशी मात्र मास्तरांनी सांगितलं, की या राजदूतानं एक गोळी न झाडता, नुसत्या गोड बोलण्यानं शेजारच्या देशाकडून आपल्या देशासाठी केवढा तरी मुलूख मिळवला. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते... आणि नेमक्या त्याच आठवड्यात कारखान्यासाठी आमची शेतं मोजायला साखळ्या घेऊन माणसं आली होती. त्यांच्या साहेबाबरोबर चहा पिताना मास्तरांना मी स्वतः पाहिलं होतं! ते मी सखारामच्या कानावर घातलंच.

सखाराम भर सभेत उठला. "मास्तर, तुमी कुनाचं? आमचं का कंपनीचं? खंडोबाचा बेलभंडारा उचला आन सांगा."

आमच्याकडे बेलभंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, "उचलतो. पण उद्याचं व्याख्यान ऐका, मग. अर्धी गोष्ट ऐकून माणसाला शपथ घालू नका."

"न्हाई. आदी भंडारा."

मास्तर हटले नाहीत, गावही हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर चिटपाखरू नव्हतं. मीही गेलो नाही. पुढे जमिनी गेल्या, सखाराम त्याच कारखान्यात कामाला लागला, पण मास्तरांशी कुणी मोकळेपणानं बोललं नाही. मला वाटायचं, मनात काही नसेल तर माणूस शपथ उद्यावर ढकलतो कशाला?

परवा वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्या चहा ठेवायला आत वळल्या आणि, खोटं कशाला बोलू, कंपनीचा एखादा कागद सापडतो का म्हणून मी त्या अमेरिकनाची तसबीर उतरवून मागचा पुठ्ठा सोडवून पाहिला. आत नुसतं कोळ्याचं जाळं.

"सहावं व्याख्यान राहूनच गेलं त्यांचं," पुठ्ठा बसवत मी म्हणालो.

"राहिलं कुठं?" वहिनी आतूनच म्हणाल्या. "दर गणपतीत व्हायचं की. कोट-टोपी घालून, इथंच. तो अमेरिकन घरी परततो, तर त्याच्याच गावचे लोक त्याला परक्यांचा माणूस म्हणतात..."

हे मास्तरांनी स्वतःवरून रचलं असणार, असं माझ्या मनात आलंच.

"ऐकायला मी एकटी," वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. "पण सतरंजी अख्खी अंथरायला लावायचे. म्हणायचे, कुणी आलंच तर..."

टेबलावर मास्तरांचा व्याख्यानाचा पाण्याचा तांब्या होता. शेजारी एक वाटी. वाटीत बेल, यंदाच्या गणपतीतला, सुकून गेलेला. खाली भंडारा तसाच, कुणी न उचललेला.