मेथी, मावा आणि मामा

माझे सासरे आमच्या बोईसरच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला आले ते डोळ्यांवर काळा गॉगल लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चिंचणीला त्यांची वाडी आहे. बायको म्हणाली, "बाबा घरी गेले तर दुसऱ्याच दिवशी वाडीत पाणी सोडायला जातील. त्यांना इथंच ठेवायचं." ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिचं बोलणं बहुतेक वेळा निकालासारखंच असतं.

तोवर ते आमच्याकडे यायचे ते सकाळी यायचे, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायचे, चहा प्यायचे आणि जेवायच्या आत परत जायचे. लेकीच्या घरी राहणं त्यांना अवघड वाटायचं. शिवाय माझ्याशी बोलायचं काय, हाही प्रश्न असावा. मी सोलापूरकडचा. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा "मामा" अशी हाक मारली, तेव्हा त्यांनी मागे वळून कुठले मामा आलेत ते पाहिलं होतं.

दोन दिवस ते खिडकीशी खुर्चीवर बसून राहिले. टीव्ही बघायचा नव्हता, पेपर वाचायचा नव्हता. आमची खिडकी बाहेर काढलेल्या जाळीची, तिच्यात तेलाच्या जुन्या डब्यात बायकोने लावलेला पुदिना आणि एक मिरचीचं रोप. तिसऱ्या दिवशी मी सकाळपाळीवरून आलो, तर ते डब्यातली माती बोटाने उकरत होते.

"जावयबुवा, ही जागा फुकट चाललीय. चिंचणीला जाल तेवा पिशवीभर रेती आणाल?"

"रेती कशाला, मामा?"

"मेथी लावू."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्याच संध्याकाळी गेलो आणि किनाऱ्यावरची रेती घेऊन आलो.

या बाजूला मेथी रेतीतही करतात. दाणे दाट पेरायचे, पांढऱ्या देठावर दोन हिरवी पानं आली की मुळासकट उपटायची. बाजारात तिच्या बोटाएवढ्या जुड्या मिळतात, समुद्रमेथी म्हणतात. मामांनी सांगितलं, रेती दोन पाण्यांनी धुवा. मी धुतली. एका पसरट टबाला खाली भोकं पाडून त्यात ती भरली, भिजवलेले दाणे पेरले आणि वरून ओलं फडकं टाकलं. चार-पाच दिवस झाले तरी काही हालचाल नाही. फडकं काढलं तर दाणे तसेच, काही तर काळे पडलेले. मामांनी चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट हाय अजून."

"तुम्ही दोन पाणी म्हणाला होता."

"म्हनालो होतो. पन मी कदी धुतलीय? आमची रेती पावसानच धुवून निघते." आणि ते हसले. त्यांचा वरचा एक दात नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही रेती धुवायला बसलो. म्हणजे ते स्टुलावर बसून चव घेत होते आणि मी मोरीत बादल्या ओतत होतो. पाणी गोड लागेपर्यंत मोरी तुंबली. बायको शाळेतून आली, तेव्हा घरभर ओल्या रेतीचे पाय उमटले होते. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. "बाबा, तुम्हांला वाकायचं नाही म्हटलंय ना?"

"मी नाय वाकलो बाय, हे वाकले."

प्लंबरने मोरी मोकळी केली. मेथी मात्र या वेळी आली. दाण्यांनी रेती वर उचलली आणि एका सकाळी अख्खा टब हिरवा झाला. त्या दिवशी मामा मला उठवायला आमच्या खोलीच्या दाराशी आले होते.

यशाने माणूस बिघडतो तसे आम्ही बिघडलो. रंगाचे रिकामे डबे आणून त्यांत कोथिंबीर पेरली, पुदिन्याच्या काड्या खोचून तिसरा डबा केला, ओव्याचं एक रोप मिळवलं. मटकीला मोड आणायचं कामही मामांनी स्वतःकडे घेतलं आणि आमच्याकडे रोज सकाळी मोड आलेलं काही ना काही तयार असायचं. बायको म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघरात आता दोन बायका आणि त्यांतली मी एक पण नाही."

मग मावा आला.

हवा ढगाळ झाली होती. आधी मिरचीच्या शेंड्याला, मग कोथिंबिरीला, बारीक हिरवट किड्यांची रांगच्या रांग. पानं वळली, चिकट झाली, मुंग्या लागल्या. मी बघितलं आणि मला बरं वाटलं, कारण हा माझा प्रांत होता. मी औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात काम करतो, तिथं कीटकनाशकंच बनतात. पॅकिंग खात्यात माझा दिवस माव्याचं चित्र छापलेल्या बाटल्यांमध्येच जातो.

"मामा, याला आमच्याकडे औषध आहे. एकदा फवारलं की संपलं."

"ते नको."

"तुम्ही तर वाडीत पंप पाठीला लावून फवारता!"

"वाडीत मारतो ते वाऱ्याकडे पाठ करून. तुमच्या घरात वारा कुठं पळनार? आनि त्यो माल बाजारात जातो. हे मी सोता खानार हाय."

इतकं प्रामाणिक उत्तर मी कामावर कधी ऐकलं नव्हतं. बायकोनेही आतून सांगून टाकलं की त्या खिडकीत कारखान्यातला एक थेंब येणार नाही. त्यामुळे कीटकनाशकांच्या खात्यातला मी आणि जन्मभर वाडी केलेले ते, दोघेही माव्यासमोर रिकाम्या हातांनी उभे राहिलो.

पहिला प्रयोग लसूण-मिरचीच्या पाण्याचा. मी मिक्सरमध्ये वाटून उकळायला ठेवलं आणि घरात श्वास घेता येईना. बायकोने मामांचा हात धरून त्यांना जिन्यात नेऊन बसवलं आणि माझं पातेलं सिंकमध्ये ओतलं. "त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मिरचीचं नाही!" दुसरा प्रयोग रिठ्याच्या पाण्याचा. ते मी घट्ट केलं, कोथिंबिरीची पानं करपली. पातळ केल्यावर मावा थोडा कमी झाला आणि पुन्हा वाढला. तिसरा आंबट ताकाचा. बायकोने फ्रीजमध्ये विसरलेलं ताक मामांनी आणखी दोन दिवस बाहेर ठेवलं आणि पाणी घालून फवाऱ्याच्या बाटलीने झाडांना अंघोळ घातली.

थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावर बिहारकडचं कुटुंब राहतं. तिथली बाई हातात ओली चादर घेऊन उभी होती.

"भैया, ऊपर से ये क्या टपक रहा है? पूरा कपड़ा महक गया!"

मी माफी मागत होतो, तेवढ्यात मामा गॉगल लावून मागे येऊन उभे राहिले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "ताक हाय, बेटा. झाड को दिया. किडा पड्या."

बाईने त्यांच्याकडे बघितलं. तिचा राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. "कीड़ा? दिखाइए।" ती आत आली, खिडकीशी गेली, कोथिंबिरीचं पान उलटं करून बघितलं आणि म्हणाली, गावाकडे तिची आई यावर चुलीची राख टाकायची. पण आता राख आणायची कुठून? तिच्याही घरी गॅसच. यावर तिघंही हसलो. जाताना मामांनी तिला समुद्रमेथीची जुडी दिली आणि मी चादर धुऊन देतो म्हणालो. ती म्हणाली, "रहने दीजिए," आणि मेथी घेऊन गेली. त्या दिवसापासून आम्ही फवारायच्या आधी खाली हाक मारायचो आणि ती दोरीवरचे कपडे आत घ्यायची.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी मामांचे कपडे आणायला आणि वाडीवर नजर टाकायला चिंचणीला गेलो. कुंपणावर वालाचा वेल होता. त्याच्या शेंड्यांवर काळा मावा बसलेला दिसला, तेव्हा मला जरा समाधानच वाटलं की हा त्रास सगळ्यांनाच आहे. जवळ जाऊन बघतो तर माव्याच्या गर्दीत लाल पाठीचे, काळ्या नक्षीचे गोल किडे फिरत होते. ढालकिडे. त्यांतला एक मावा खात होता. मी उभा राहून बघितलं, एक संपवून त्याने दुसरा धरला. मी तिथूनच मामांना फोन लावला.

"मामा, तुमच्या वालावरचे लाल किडे मावा खातायत!"

"खातात? मग आना की चारदोन."

सोबत नेलेला जेवणाचा डबा आता रिकामाच होता. वालाचा एक डहाळा तोडून त्यात घातला, एकेक किडा हलक्या हाताने आत सोडला आणि तोंडावर रुमाल बांधून शेअर रिक्षात बसलो. माझ्या शेजारी एक मावशी मासळीची पाटी पायांत घेऊन बसल्या होत्या. रस्त्यात रिक्षा अशी आदळली की रुमाल सुटला. मला कळायच्या आत एक किडा मावशींच्या पदरावर, एक ड्रायव्हरच्या मानेवर, दोन समोरच्या काचेवर.

"काय हाय रं त्यात?" मावशी ओरडल्या.

"किडे आहेत. घरी नेतोय."

"आमी मासळी नेतो, तुमी किडं नेता?" त्या इतक्या हसल्या की त्यांची पाटी हलायला लागली. पण पदरावरचा किडा त्यांनीच चिमटीत न दाबता बोटावर चढवून घेतला आणि डब्यात सोडला. ड्रायव्हरने रिक्षा बाजूला थांबवली. सगळ्यांनी मिळून शोधाशोध केली, "तो बघा, तो बघा" करत. एक मात्र काचेवरून उडाला तो गेलाच.

उरलेले संध्याकाळी कोथिंबिरीवर सोडले. मामांनी फर्मान काढलं, "आता काय फवारायचं नाय. पाव्हनं आलेत." सकाळी बघितलं तर पाहुणे पसार. मिरचीवर एक होता, तोही दुपारपर्यंत दिसेनासा झाला. मामांनी मटकी भिजत घातली. मला माझ्याच मूर्खपणाची लाज वाटली. खिडकीला दार नाही, जाळी आहे, आणि किड्यांना पंख असतात, हे कळायला कारखान्यात जावं लागत नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मामांचा गॉगल काढला. घरी आल्यावर ते भिंतीवरचं कॅलेंडर दूर उभे राहून वाचत होते, बायकोच्या केसांतला पांढरा केस दाखवत होते, माझ्या शर्टाचं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय हे सांगत होते. मग खिडकीशी गेले आणि तिथून हाक आली, "जावयबुवा, हिकडं या!"

कोथिंबिरीच्या पानाखाली बारीक पिवळे दाणे उभे चिकटवल्यासारखे दिसत होते. खरं तर मला दिसत नव्हते. ते दाखवत होते, मी मान हलवत होतो. शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठा केला, तेव्हा दिसले. "अंडी हायत. जाताना ठेवून गेली."

काही दिवसांनी त्यांतून काळपट, काटेरी अळ्या निघाल्या, मगरीचं पिल्लू फार लहान करावं तशा. इतक्या कुरूप की मामांचं बोट आपोआप चिरडायला पुढे झालं. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "थांबा मामा, आधी बघू काय खाते." आम्ही दोघे खुर्च्या ओढून बसलो. अळी पानाच्या कडेने चालत गेली, माव्याच्या रांगेपाशी थांबली आणि तिने एक उचलला.

"खाल्लान!" मामा ओरडले. "बाय, ये! खाल्लान!"

बायको हातातली कणीक घेऊनच आली. त्यानंतर आमच्या घरी टीव्ही फारसा लागला नाही. खालची बाई दुपारी वर यायची आणि विचारायची, "अंकलजी, आज कितना खाया?" मामा तिला कोणत्या फांदीवर काय चाललंय त्याची खबर द्यायचे. मिरचीचा शेंडा आधी मोकळा झाला, मग कोथिंबिरीला नवी, न वळलेली पानं आली. मुंग्यांचं येणं कमी झालं. एका सकाळी अळ्याही दिसेनात. पानांना चिकटलेले छोटे गोळे राहिले होते आणि त्यांतून एकेक लाल किडा बाहेर आला, आधी फिकट पिवळा, मग बघता बघता रंग चढत गेला. हेही मामांनीच आधी बघितलं.

डॉक्टरांनी त्यांना कधीच घरी जायला सांगितलं होतं. बायकोने बॅग भरायचं विचारलं की ते म्हणायचे, "कोथिंबीर काढून जातो." कोथिंबीर काढली, तर पुदिन्याचं काही निघालं. ज्याला आमच्याकडे एक जेवणही जड व्हायचं, तो माणूस आता माझी पाळी कधी सुटते ते घड्याळात बघत बसायचा. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः समुद्रमेथी उपटली, मुळं खुडली, रेती जाईपर्यंत धुतली, आणि बायकोने तिच्यात सुका जवळा घालून भाजी केली. भाकरीबरोबर ती भाजी मी सोलापुरी माणसाने इतकी खाल्ली की मामांनी आपल्या ताटातली माझ्या ताटात वाढली.

हे झालं गेल्या हिवाळ्यात. या वर्षी थंडी पडायला लागली तशी एका रविवारी बेल वाजली. दारात मामा उभे होते. डोळे ठणठणीत, खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात धुतलेल्या रेतीचं पोतं.

"बाबा, काय झालं? बरं नाही का?" बायको घाबरून म्हणाली.

"काय नाय झाला. आलो राहायला," असं म्हणून त्यांनी पोतं माझ्या हातात दिलं आणि चपला काढायच्या आधी सरळ खिडकीकडे गेले.