समेवरची शिट्टी

ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या, स्टेशनसमोरच्या दुकानातून मी एक कॅसेट आणली. लॅटिन रॉक वाजवणाऱ्या बँडची, भर मैदानातल्या कार्यक्रमाची. गिटार अशी की थाटीपुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरचा गिलावा पडावा, आणि उभे ढोल असे की मोरारपर्यंतच्या म्हशींनी दूध चोरावं. दुसऱ्या बाजूला ढोलवाला एकटाच सुटतो, गर्दी श्वास धरते, आणि तो थांबतो त्याच क्षणी कोणीतरी सणसणीत शिट्टी घालतं.

"ती मीच घातलेली," मी ऑफिसात सांगितलं.

आमच्या पाणीपुरवठा खात्याने मला पंप शिकायला मेक्सिकोला धाडलं होतं, आणि तिथल्या मंत्र्याने हाताला धरून पुढे बसवलं होतं, असंही सांगितलं. कोणी मनावर घेतलं नाही. माझ्या थापांवर त्यांचा चहा गोड व्हायचा, एवढंच. बायको तर म्हणालीच, "भोपाळच्या पुढे हे एकदाच गेलेत. माझ्या बाबांच्या तेराव्याला."

शेजाऱ्यांनी मात्र मनावर घेतलं. ते माझ्याच ऑफिसातले एक गृहस्थ, माझ्याहून धाकटे, दार लावून तबला वाजवणारे. त्यांनी ती कॅसेट मांडीवर बोटं आपटत ऐकली आणि उठून उभेच राहिले.

"दादा, शिट्टी बरोब्बर समेवर पडलीय! परका ताल, ऊपर से इतनी भीड! असा ऐकणारा समोर असेल तर मी लोकांत वाजवीन."

सम म्हणजे तालाचा फेरा फिरून येतो ती पहिली मात्रा. ग्वाल्हेरच्या मराठी घरात पाळण्यातलं पोरही तिथे मान हलवतं. आमच्या घरात माझ्यापाशी पाळणा चुकला; मला सम कधी सापडलीच नाही.

मग राज्याचे दोन तुकडे झाले, सरकारी माणसं वाटली गेली, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला नव्या राज्यातलं रायपूर आलं. जाण्याआधी त्यांना एकदाच वाजवायचं होतं, दर्पण कॉलनीत थोरल्या भावाकडे. हा भाऊ त्यांच्या तबल्याला जन्मभर ठोकपीट म्हणत आला होता. "तुम्ही पुढे बसा दादा. तुमची शिट्टी पडली की भाऊंना मानावंच लागेल."

मी घरी सराव केला. बायको म्हणाली, "आपला कुकर बरा. वेळेवर तरी वाजतो."

रविवारी दुपारी खोली भरली; बायकोही मागे येऊन बसली. शेजाऱ्यांनी असं वाजवलं की कौतुकाला थाप मारायची गरजच नाही. शेवटी तिहाई आली. एकच तुकडा तीनदा वाजतो आणि तिसरा समेवर उतरतो, इतकं सोपं. माझी शिट्टी दुसऱ्या तुकड्यालाच सुटली.

खोली हसली. भाऊ सगळ्यांत मोठ्याने. शेजाऱ्यांचा हात वरच अडकला, आणि तिसरा तुकडा उतरलाच नाही.

"झाली ठोकपीट?" भाऊ म्हणाले.

"हसू नका भाऊ. दादांनी मुद्दाम चुकवली. हात ढळतो का ते बघत होते." त्यांनी खाली बघितलं. "ढळला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एरवी माझं तोंड पंचायतीच्या भोंग्यासारखं. त्या वेळी मी नुसती मान हलवली, हळू, जाणकारासारखी.

"म्हणजे अजून कच्चाच," भाऊ म्हणाले आणि चहा मागवला.

निघताना शेजारी माझ्या पाया पडले. "रायपूरला रियाज वाढवतो, दादा." मी आशीर्वाद दिला.

घरी परतताना बायको आता थट्टा करील, मग करील, म्हणून मी वाट बघत होतो. तिने केली नाही.