मे महिन्यातला हुरडा

इंदूअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फ्रीजवर वाकळ घालत होत्या. शाहूपुरीतल्या घराची पुढची खोली, भर दुपार, उन्हानं जीव नकोसा झालेला, आणि ही बाई जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ वर झाकण असलेल्या त्या पांढऱ्या पेटीभोवती चारी बाजूंनी खोचत होती, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी. फ्रीज बघायला आलेला मी नुकताच आयटीआयमधून बाहेर पडलेला मेकॅनिक, म्हणजे जगातलं सगळं कळतंय असं समजणारा. मी हसलो.

"हसू नगासा, मेस्त्री. लाईट गेलीया," त्या म्हणाल्या. "वाकळंला काय ठावं, आत गरम हाय का गार हाय? जे दिलं ते धरून ठेवती ती."

मी झाकणाकडं हात नेला तर त्यांनी तो बाजूला सारला. "लाईट गेली की झाकण उघडायचं न्हाय. बसा की, च्या घ्या." लाईट पाच वाजता आली. झाकण उघडलं तसं धुकं वर आलं, अक्कांच्या तोंडावरून हळूहळू गेलं, आणि तळाशी काय, तर हुरड्याच्या पिशव्या. दुसरं काही नाही.

तो हुरडा त्यांच्या धाकट्या भावासाठी होता. तानाजी फौजेत. त्याला सुट्टी मिळायची मे महिन्यात, आणि शाळवाचा हुरडा निघतो थंडीत. लहानपणी मुरगूडच्या शेतात दोघं आगटीपाशी बसून हात पोळेपर्यंत खायची. नोकरी लागल्यापासून त्यानं हुरडा डोळ्यांनी पाहिला नव्हता. म्हणून अक्कांनी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून ही पेटी उचलून आणली. गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. पण त्या मेमध्ये तानाजी आला, तुपात परतलेला हुरडा चटणीबरोबर खाल्ला, एक शब्द बोलला नाही, आणि रिकामी ताटली पुन्हा पुढं केली. अक्का हे मला शंभर वेळा सांगायच्या आणि दर वेळी ताटलीपाशी येऊन थांबायच्या.

पुढं अक्कांनी दुकानं काढली, त्यांचा सगळा पसारा निघाला तो त्या पेटीत उरलेल्या जागेतून. आधी सोललेले मटार, मग मक्याचे दाणे, पावटा, खवलेला नारळ. आपलं कोल्हापूर नाक मुरडण्यात पटाईत. बायका यायच्या, पिशवी दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, शिळं कोण खाणार? अक्का शांतपणे सांगायच्या, "शिळं म्हंजे काल केल्यालं. हे अजून केलंच न्हाय. झोपलंय नुसतं." हळूहळू नोकरीवाल्या बायकांना ते पटलं. 'अक्काचा फ्रीज' अशी पाटी लागली. मग कागलला दुसरं दुकान, वारणानगरला तिसरं, अशी सात झाली. प्रत्येक दुकानात झाकण न उघडण्याबद्दलचं ते वाक्य रंगवलेलं, आणि प्रत्येक फ्रीजला एक वाकळ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सगळे फ्रीज एका सुरात गुणगुणत. अक्का खुर्चीत डोळे मिटून म्हणायच्या, "ऐका मेस्त्री, मटार घोरत्यात." खरं सांगतो, मलाही ते ऐकू यायचं.

मग एका थंडीत अक्कांनी हुरडाही विकायला ठेवला. मे महिन्यात तानाजी ट्रंक घेऊन थेट दुकानात आला आणि त्यानं एका बाईच्या हातात हुरड्याचं पाकीट पाहिलं. छापील, किंमत लावलेलं.

"अक्का, माझा हुरडा इकायला काढलास?"

अक्कांची जीभ तशी तिखट. "मग? तुझ्या एकट्यासाठी सात दुकानं चालवू व्हय?"

त्यानं ट्रंक उचलली आणि मुरगूडची एसटी धरली. मी तिथंच पाना हातात घेऊन उभा होतो. पुढं तो निवृत्त होऊन गावी राहिला, पण शाहूपुरीत पाय ठेवला नाही. अक्काही गेल्या नाहीत. दोघंही एकाच मुशीतली, हट्टाला पेटली की संपलं. मात्र दुसऱ्याच वर्षी अक्कांनी हुरडा विकणं बंद केलं. थंडीत एकच पिशवी भरायची, जुन्या फ्रीजमध्ये ठेवायची, आणि जूनमध्ये तशीच काढून चिमण्यांना घालायची. त्या डबड्याचा कॉम्प्रेसर मी दोनदा बदलला. भंगारात घाला म्हणून भांडलो. "तुमी तुमचं काम करा की," एवढंच उत्तर. मला राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

अक्का आता नाहीत. पण त्यांचं नाव निघालं की मला आठवतो तो दुकानं विकल्यानंतरचा दिवस. गुडघे गेले होते, पुण्याच्या एका कंपनीनं सातही दुकानं घेतली. अक्का म्हणाल्या, "टेंपो आणा. जुना फ्रीज मुरगूडला न्यायचा." मे महिना, त्या वर्षीची हुरड्याची पिशवी आतच होती. दोरी आवळताना मी वाकळ काढली आणि ओट्यावरच विसरलो. निम्म्या वाटेत ते ध्यानात आलं. तिथून मुरगूडपर्यंत मी शिव्या खाल्ल्या.

तानाजी दारात उभा होता. मिशा पांढऱ्या झालेल्या.

"हे काय?"

"दुकानं गेली," अक्का म्हणाल्या. "हेवढं तुझं हाय. पयल्यापास्नं तुझंच हुतं. मी चुकलो, ताना." आमच्याकडं बायकाही पुरुषांसारखंच 'आलो, गेलो' म्हणतात, पण चुकलो म्हणताना मी अक्कांना तेव्हाच ऐकलं.

त्यानं पुढच्या सोप्यातलं पोतं सरकवून जागा केली. मी पिन लावली, फ्रीज गुणगुणायला लागला, आणि पाच मिनिटांत लाईट गेली. अक्कांचा हात सवयीनं वाकळ शोधत मागं गेला आणि रिकामाच परत आला. "वाकळ ऱ्हायली की," त्या पुटपुटल्या.

तानाजी आत निघून गेला. मला वाटलं, संपलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात फौजेतलं जाड कांबळं होतं. ते त्यानं फ्रीजवर घातलं, चारी कोपरे ताणून खोचले, एक सुरकुती ठेवली नाही. निदान पिशवी तरी दाखवावी म्हणून मी झाकणाला हात घातला, तर त्यानं तो बाजूला सारला.

"लाईट गेली की झाकण उघडायचं न्हाय," तो म्हणाला. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

आम्ही तिघं बसून राहिलो. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि कुणालाच घाई नव्हती. लाईट दिवेलागणीला आली. अक्कांनी स्वतः चुलीपाशी बसून हुरडा परतला. तानाजीनं खाल्ला, एक शब्द बोलला नाही, आणि रिकामी ताटली पुन्हा पुढं केली.